इंग्लंडमध्ये घर विकताना: परवडणारा आणि फोन उचलणारा कन्व्हेयन्सर कसा शोधावा

इंग्लंड किंवा वेल्समध्ये पहिल्यांदाच घर विकायला काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. कन्व्हेयन्सर म्हणजे घराच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम बघणारा माणूस. स्कॉटलंडची पद्धत निराळी, त्यामुळे एडिनबरा-ग्लासगोवाल्यांनी यावर विसंबू नये.

आपल्याकडे फ्लॅट विकायचा म्हटलं की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, फोटो काढायचा, अंगठे उमटवायचे आणि इंडेक्स टू हातात घेऊन बाहेर पडायचं. वकील, एजंट, खरेदीदार सगळे एका बाकावर बसलेले असतात. इथे तसं काही घडत नाही. खरेदीदाराशी तुमची भेट घर दाखवतानाच काय ती होते, आणि तुमच्या कन्व्हेयन्सरचं तोंडही कदाचित तुम्ही कधी बघणार नाही. सगळा व्यवहार ईमेल, पोर्टल आणि टपालावर चालतो. म्हणून माणूस निवडतानाच डोळे उघडे ठेवायचे.

आधी त्याचं काम समजून घ्या

शोधाशोध आणि तपासण्यांचा मोठा भार खरेदीदाराच्या कन्व्हेयन्सरवर असतो. कौन्सिलचा सर्च, सांडपाण्याचा सर्च, टायटलची (मालकीहक्काच्या नोंदीची) छाननी ही सगळी त्याची डोकेदुखी. तुमचा कन्व्हेयन्सर लँड रजिस्ट्री या सरकारी मालमत्ता-नोंदणी कार्यालयातून टायटलच्या प्रती काढतो, कराराचा मसुदा बनवतो, तुमच्याकडून टीए६ (घराची माहिती) आणि टीए१० (घरात काय ठेवून जाणार, काय नेणार) हे फॉर्म भरून घेतो आणि हे सगळं समोरच्या वकिलाला पाठवतो. मग तिकडून प्रश्नांची यादी येते. इथे तिला ‘एन्क्वायरीज’ म्हणतात. ती कधी पंधरा प्रश्नांची असते, कधी पन्नास. त्यांची उत्तरं गेली की एक्सचेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल. त्या दिवशी खरेदीदार सहसा १० टक्के डिपॉझिट भरतो आणि दोन्ही बाजू कायद्याने बांधल्या जातात. शेवटी कम्प्लिशन: पैसे येतात, तुमचं मॉर्गेज फिटतं, एजंटचं कमिशन जातं आणि उरलेलं तुमच्या खात्यात पडतं.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एक्सचेंज होईपर्यंत कोणीही, कोणतंही कारण न देता, व्यवहारातून बाहेर पडू शकतो. ऑफर स्वीकारल्यापासून एक्सचेंजपर्यंत महिने जातात आणि त्या काळात खरेदीदाराचा धीर सुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे विकणाऱ्याने कन्व्हेयन्सरला पैसे देताना कायद्याच्या पांडित्याचा फारसा विचार करू नये. साध्या घराच्या विक्रीत तेवढं पांडित्य लागतच नाही. आपण विकत घेतो ती त्याची झटपट उत्तरं. एन्क्वायरीजचं घोंगडं तीन आठवडे भिजत ठेवणारा कन्व्हेयन्सर फुकट मिळाला तरी महागच.

सॉलिसिटर की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर?

दोघेही चालतात. सॉलिसिटरवर एसआरए या नियामकाची देखरेख असते, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर सीएलसीची. घरविक्रीच्या कामात पूर्वी सॉलिसिटरांची मक्तेदारी होती. १९८५ च्या कायद्याने ती मोडून हा दुसरा वर्ग उभा केला. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर मालमत्तेच्या कामातच मुरलेला असतो. घटस्फोटात घराची वाटणी चालू असेल, वारसाहक्काचा वाद असेल, भागीदाराशी जमत नसेल, तर मात्र सॉलिसिटर फर्म बरी, कारण ती भानगड तिथल्याच दुसऱ्या टेबलावर सोपवता येते.

नाव कितीही चकचकीत असलं तरी एसआरए किंवा सीएलसीच्या संकेतस्थळावर फर्मचं नाव टाकून ती खरोखर नोंदलेली आहे का, आणि तिथला पत्ता तुम्हाला मिळालेल्या पत्त्याशी जुळतो का, हे बघाच. पाच मिनिटांचं काम आहे. लॉ सोसायटीची सीक्यूएस ही मान्यता सॉलिसिटर फर्मकडे असली तर चांगलंच. पण ती बऱ्याच जणांकडे असते, त्यामुळे केवळ तिच्यावर निवड करता येत नाही.

केव्हा नेमायचा

घर बाजारात टाकण्याआधी. बहुतेक जण ऑफर आल्यावर धावाधाव करतात, आणि नेमक्या त्या घाईत एस्टेट एजंट म्हणतो, “आमचे नेहमीचे आहेत, फटाफट करून देतात.” त्यांना घ्यायलाच हवं असं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही. एजंटला त्या शिफारशीपोटी फर्मकडून बहुधा रेफरल फी मिळते, कधी काही शे पौंड, आणि ती शेवटी निघते तुमच्याच बिलातून. एजंटला सरळ विचारा: “तुम्हाला यात किती मिळतात?” रेफरल फी आहे म्हणून फर्म वाईट, असंही नाही. एजंटच्या रोजच्या कामातल्या फर्मला एजंटचा फोन टाळता येत नाही, हा त्यातला फायदा. पण आकडा माहीत असला म्हणजे घासाघीस करता येते.

आधी नेमल्याचा दुसरा लाभ म्हणजे ओळखपडताळणी, फॉर्म आणि कागद जमवणं हे ऑफर येण्याआधीच उरकतं. काम सुरू होईपर्यंत बऱ्याच फर्म मोठी रक्कम मागत नाहीत. ओळखपडताळणीचे आणि टायटलच्या प्रतींचे थोडेफार पैसे मात्र आधी भरावे लागतात.

कोट, म्हणजे खर्चाचा अंदाज, वाचायचा कसा

डिसेंबर २०१८ पासून घरखरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या, नियामकाच्या देखरेखीखालच्या फर्मना आपले दर जाहीर करावे लागतात. म्हणजे ते संकेतस्थळावर असतात. पण असणं वेगळं आणि समजणं वेगळं. पहिल्या ओळीतला ठळक आकडा हा फक्त मूळ फीचा. खरं बिल खालच्या बारीक अक्षरांत असतं.

समजा, मॉर्गेज असलेला लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट नवरा-बायको मिळून विकताहेत. फर्म ‘अ’चा कोट ४५० पौंड. मग खाली वाचत गेलं की लीजहोल्डचे जादा २५०, मॉर्गेज फेडण्याच्या कामाचे ७५, बँक ट्रान्स्फरचे ३५ प्रमाणे दोन वेळचे ७०, ओळखपडताळणी दोघांची ४०, फाइल जपून ठेवण्याचे ३० आणि ऑनलाइन पोर्टलचे ४५. झाले ९६०. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे ११५२. फर्म ‘ब’ म्हणते ८५० अधिक व्हॅट, यात सगळं आलं. म्हणजे १०२०. जवळजवळ दुप्पट महाग दिसणारी फर्म १३२ पौंडांनी स्वस्त निघाली. (आकडे नमुन्याचे आहेत, पण मेळ असाच बसतो.)

लँड रजिस्ट्रीच्या प्रतींचे पैसे दोन्हीकडे सारखेच. टायटल रजिस्टर ७ पौंड, नकाशा ७, लीजची प्रत ७. या ७ पौंडांच्या प्रतीसाठी कोणी २५ लावत असेल तर इतर ओळीही नीट तपासा, कारण तिथे पाणी मुरतंय.

म्हणून तीन-चार फर्मना एकसारखाच ईमेल पाठवायचा. त्यात घराचा पत्ता, फ्रीहोल्ड (कायम मालकीचं) की लीजहोल्ड, मॉर्गेज किती बँकांचं, मालक किती, त्यातले देशाबाहेर कोण, सरकारच्या हेल्प टू बाय योजनेचं कर्ज आहे का, घरात एक्स्टेन्शन किंवा लॉफ्ट केलाय का, हे सगळं आधीच सांगून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. जे लपवाल ते पुढे ‘अतिरिक्त काम’ म्हणून बिलात येईल. ईमेलच्या शेवटी एवढंच लिहा: “व्हॅटसह एकूण किती, आणि कोणत्या परिस्थितीत यात वाढ होईल?” दुसऱ्या प्रश्नाला जी फर्म गोलमोल उत्तर देते तिला यादीतून काढा.

‘नो सेल, नो फी’चा मोह सगळ्यांना होतो. व्यवहार फिसकटला तर मूळ फी माफ, पण बाहेर भरलेले खर्च आणि कधी कधी ‘झालेल्या कामाचे’ पैसे तरी लागतातच. काही ठिकाणी हाच दिलासा फीमध्ये थोडा थोडा मिसळलेला असतो. लांब साखळीतली विक्री असेल, म्हणजे तुमचा खरेदीदार स्वतःचं घर विकून येणार आणि त्याचा खरेदीदारही तसाच, तर ही सोय घेण्यासारखी आहे. रोख खरेदीदार समोर उभा असेल तर तिच्यापोटी जादा मोजू नका.

फोन करून बघा

दोन फर्म उरल्या की फोन लावा. मंगळवारी सकाळी अकराला, आणि नंतर एकदा शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी कम्प्लिशनची गर्दी असते, त्या दिवशी कोण आणि कसं बोलतं त्यावरून फर्मची घडी कळते.

विचारायचे प्रश्न मोजकेच. माझी फाइल प्रत्यक्ष कोणाच्या टेबलावर असेल, आणि तो माणूस रजेवर गेला तर कोण बघेल? त्याच्याकडे आत्ता अशा किती फाइली आहेत? ईमेलला उत्तर किती दिवसांत देता? त्या माणसाचा थेट नंबर मिळेल की प्रत्येक वेळी कॉल सेंटर?

फाइलींच्या आकड्याचं उत्तर बहुतेक जण टाळतात. पण उत्तर कसं टाळलं हेही कळतं. “ते सांगता येणार नाही, पण मी स्वतः बघते, माझ्यासोबत एक असिस्टंट आहे, दोन दिवसांत उत्तर देते,” असं कोणी म्हणालं तर चांगली खूण. “आमची टीम आहे, सगळं पोर्टलवर दिसतं,” असं म्हणालं तर समजायचं की तुमच्या फाइलीला धनी नाही. मोठ्या ऑनलाइन फर्मना इथले लोक ‘कन्व्हेयन्सिंग फॅक्टरी’ म्हणतात ते काही उगाच नाही. तरीही साधं फ्रीहोल्ड घर, मॉर्गेज नाही, कागद जागच्या जागी, अशा विक्रीला तीसुद्धा पुरते.

रिव्ह्यू वाचताना पाच ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. मधले, तीन ताऱ्यांचे, गेल्या सहा महिन्यांतले आणि विकणाऱ्यांनी लिहिलेले वाचा. एकाच केसवर्करचं नाव पुन्हा पुन्हा चांगल्या अर्थाने येत असेल तर फोनवर तीच व्यक्ती मागा. हे चालतं.

बँकेच्या पॅनेलचा, म्हणजे तिने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीचा, घोळ इथेच मिटवून टाकू. नुसतंच विकत असाल तर तुमची फर्म तुमच्या बँकेच्या पॅनेलवर आहे की नाही याने फारसं बिघडत नाही. विकून त्याच वेळी मॉर्गेज काढून दुसरं घर घेत असाल, तर नव्या बँकेच्या पॅनेलवर ती असायलाच हवी. नाहीतर बँकेसाठी वेगळा वकील आणि वेगळं बिल.

आपल्या नावांचा गुंता

हा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, आणि आपलं घोडं मात्र इथेच अडतं. भारतीय पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. घर घेताना टायटलवर चढलं फक्त पहिलं नाव आणि आडनाव. मध्यंतरी लग्न झालं, आडनाव बदललं, किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेताना मधलं नाव गाळलं. आता लँड रजिस्ट्रीच्या नोंदीतली ‘स्नेहा कुलकर्णी’ आणि पासपोर्टवरची ‘स्नेहा अमोल देशपांडे’ एकच, हे कन्व्हेयन्सरला कागदाने सिद्ध करावं लागतं.

तो यात हटून बसतो त्याला कारण आहे. दुसऱ्याचं घर आपलं म्हणून विकण्याचे प्रकार इथे झालेत. २०१८ मध्ये ड्रीमवार आणि त्याच्यासोबतच्या खटल्यात अपील कोर्टाने असा निकाल दिला की तोतया विक्रेत्याच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांवरही जबाबदारी येऊ शकते. तेव्हापासून विकणाऱ्याची ओळख कसून तपासली जाते. घर रिकामं, भाड्याने दिलेलं किंवा कर्जमुक्त असलं, किंवा मालक परदेशात असला, तर जास्तच.

म्हणून नेमणुकीच्या आधीच ७ पौंड भरून लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून आपलं टायटल रजिस्टर काढा आणि नावं अक्षरशः ताडून बघा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा जुना पासपोर्ट शोधून ठेवा. भारतातलं प्रमाणपत्र मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. “अशा नावांच्या फरकाची केस तुम्ही केली आहे का?” हा प्रश्न फोनवर जरूर विचारा. ज्या फर्मकडे दक्षिण आशियाई गिऱ्हाईक भरपूर असतं, म्हणजे हॅरो, स्लाऊ, लेस्टर अशा भागांतल्या, तिथे या प्रश्नाने कोणी गोंधळत नाही.

लॉफ्ट, खिडक्या आणि कौन्सिलला न करायचा फोन

टीए६ मध्ये विचारतात की घरात काय काय बदल केले. लॉफ्ट किंवा एक्स्टेन्शन असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं कम्प्लिशन सर्टिफिकेट लागतं. एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा कौन्सिलचं सर्टिफिकेट लागतं. बॉयलर, विजेचं काम, त्यांचेही कागद असतात. बिल्डरने “देतो, देतो” म्हणत कधीच दिले नाहीत, अशी घरं पुष्कळ.

कागद नाही असं लक्षात आलं की आपला पहिला विचार: कौन्सिलला फोन करून विचारू. थांबा. अशा तुटीवर साधारणपणे इन्डेम्निटी इन्शुरन्स (पुढे त्यातून नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) काढून मार्ग काढतात. खर्च बहुधा थोडका असतो. पण कौन्सिलशी आधीच संपर्क केलेला असेल तर विमा कंपन्या ही पॉलिसी द्यायला नकार देऊ शकतात. आधी कन्व्हेयन्सरशी बोला. आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. शेजाऱ्याशी झालेला वाद किंवा बागेतली जपानी नॉटवीड (झपाट्याने पसरणारं तण) लपवली आणि नंतर उघडकीला आली तर घर विकल्यावरही दावा होऊ शकतो.

फ्लॅट असेल तर

लीजहोल्डमध्ये खरा वेळखाऊ कागद म्हणजे मॅनेजमेंट पॅक. सर्व्हिस चार्ज, ग्राउंड रेंट, इमारतीचा विमा, येऊ घातलेली मोठी कामं, सगळं त्यात असतं. मॅनेजिंग एजंट त्याचे काही शे पौंड घेतो आणि वर आठवडे लावतो. खरेदीदार मिळण्याआधी मागवला तर महिनाभर वाचू शकतो, पण फार आधी मागवला तर तो शिळा होतो आणि पुन्हा पैसे. घर बाजारात चढलं आणि बघायला माणसं येऊ लागली की मागवावा, असं माझं मत.

इमारत किमान पाच मजली किंवा किमान ११ मीटर उंच असेल तर बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ लागू होतो. मग ‘लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट’ (इमारतीच्या सुरक्षा-दुरुस्तीच्या खर्चातून फ्लॅटमालकाला संरक्षण आहे का, हे ठरवायला लागणारा दस्त) लागतं, आणि १४ फेब्रुवारी २०२२ या दिवशी फ्लॅट कोणाचा होता यावर बरंच काही ठरतं. तुम्ही त्यानंतर घेतला असेल तर आधीच्या मालकाचं सर्टिफिकेट आपल्या खरेदीच्या फाइलीत शोधा. बऱ्याच लहान फर्म अशा इमारतींचं काम घेतच नाहीत. त्यामुळे क्रॉयडन किंवा रेडिंगच्या टॉवरमधला फ्लॅट असेल तर किमतीच्या आधी हाच प्रश्न: “बिल्डिंग सेफ्टीच्या फाइली तुम्ही करता का?” इथे स्वस्ताईच्या मागे लागू नका. यात जाणकार फर्म दोनशे पौंड जास्त घेत असेल तर घेऊ दे.

पुण्यात बसून विकत असाल तर

परत गेलेल्यांनी फर्मला पहिल्याच ईमेलमध्ये तसं सांगावं, कारण परदेशातला विक्रेता काही फर्म घेतच नाहीत. घेणाऱ्या फर्म सहसा पासपोर्टची चिप वाचणाऱ्या ॲपवर किंवा नोटरीकडून साक्षांकित प्रतींवर ओळख तपासतात. मालकी हस्तांतराच्या टीआर१ फॉर्मवर सही करताना साक्षीदार शेजारी हजर लागतो. व्हिडिओ कॉलवरचा चालत नाही. साक्षीदार घरचा नको, शेजारचे काका चालतील. मूळ कागद कुरिअरने पाठवायचा असेल तर आठवडाभर हाताशी ठेवा. मुखत्यारपत्र करायचं असेल तर भारतातल्या नोटरीकडून परस्पर बनवून घेऊ नका, मसुदा कन्व्हेयन्सरकडूनच मागवा.

इंग्लंडमधलं बँक खातं बंद करू नका. विक्रीची रक्कम मालकाच्या नावच्या ब्रिटिश खात्यातच पाठवू, असा बऱ्याच फर्मचा नियम असतो.

कराचं काम कन्व्हेयन्सर सहसा करत नाही, नेमणूकपत्रात तसं लिहिलेलंही असतं. बिगर-निवासी मालकाने विक्रीचा अहवाल कम्प्लिशननंतर ६० दिवसांत एचएमआरसीला (ब्रिटिश करखात्याला) द्यायचा असतो, कर शून्य असला तरीही. इंग्लंडमध्येच राहणाऱ्यांना, घर भाड्याने दिलेलं होतं आणि नफ्यावर कर निघतो, अशा वेळी तीच ६० दिवसांची मुदत. भारतात निवासी करदाते झाला असाल तर तिथल्या सीएशीही बोलून घ्या.

नेमल्यानंतर

नेमणूकपत्र पूर्ण वाचा, सही करून त्याच आठवड्यात परत पाठवा. फॉर्म रविवारी बसून एकदाच पुरे करा. तुमच्याकडून उशीर नाही हे दिसलं की पाठपुरावा करायला तोंड राहतं. दर आठवड्याला एक छोटा ईमेल पुरतो: कोणत्या एन्क्वायरीज बाकी आहेत, आणि चेंडू कोणाकडे आहे? रोज फोन केला की उलट फाइल तळाला जाते. त्यापेक्षा एजंटला कामाला लावा. विक्री झाल्याशिवाय त्याला कमिशन नाही, त्यामुळे तो दोन्ही वकिलांच्या मागे लागतो.

पैशांच्या बाबतीत एकच खबरदारी, पण कडक. आपला खाते क्रमांक फर्मला द्यायचा तो सुरक्षित पोर्टलवरून किंवा प्रत्यक्ष, आणि फोनवर पुन्हा खातरजमा करायची. तो फोन नंबर ईमेलमधला नको, नेमणूकपत्रावरचा हवा. “आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे” असा ईमेल आला की तो फसवणुकीचाच समजा आणि फर्मला फोन लावा. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट ही सेवा फुकट आहे. आपल्या टायटलवर कोणी हालचाल केली की ईमेल येतो. विकेपर्यंत ती चालू ठेवा.

काम बिनसलं तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, तेही विनामूल्य. फर्मचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि मूळ प्रकार घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून वर्षभराच्या आत. तारखा टिपून ठेवा, आणि फर्मशी झालेलं प्रत्येक फोनवरचं बोलणं दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करत जा.